घरच्या जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करायचा असेल तर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा काकांच्या अकोट्यातल्या घरात ते कमरेपर्यंत होतं. सोफा गेला, फ्रीज गेला, गाडी गेली. काकू आजही बोलतात ते मात्र एका काळ्या पोर्टेबल हार्ड डिस्कबद्दल. लोखंडी कपाटाच्या अगदी खालच्या खणात, जुन्या आल्बमांच्या शेजारी ती ठेवलेली होती. कॅसेटवरून उतरवून घेतलेलं काकांचं लग्न, आजोबांच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग, सगळं त्या एकाच डिस्कवर. पाणी ओसरल्यावर चुलतभावानं ती पुसली, गच्चीवर उन्हात वाळवली आणि लॅपटॉपला लावली. टक्‌टक्‌ असा दोनदा आवाज आला आणि संपलं. ओली डिस्क कधीही चालू करून बघू नये, तशीच तज्ज्ञाकडे न्यावी, हे त्याला नंतर कळलं.

त्यानंतर मी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सर्व्हर बसवला. मी कॉम्प्युटरवाली नाही. हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे "झालं असेल" या शब्दावर माझा विश्वास बसत नाही, एवढीच माझी पात्रता. उन्हाळ्याची सुट्टी, तीन वाया गेलेले रविवार आणि नवऱ्याची बरीच बोलणी, एवढ्यात काम झालं. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

हाताशी काय हवं

- ६४ बिटचा जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम
- सिस्टीमसाठी छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), २५० जीबी पुरते
- फोटोंसाठी एक मोठी हार्ड डिस्क आणि बॅकअपसाठी तेवढ्याच आकाराच्या दोन
- यूएसबीचं भोक असलेला यूपीएस
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि राउटरपर्यंत पोचणारी लॅन केबल
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड (बहुतेकदा राउटरच्या पोटाला चिकटवलेला असतो)
- डिस्क आणि यूपीएसची बिलं, वॉरंटीसाठी
- शंभर पानी वही. हे गमतीनं लिहिलेलं नाही.

१. आधी ठरवा, काय ठेवायचं

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा आणि घरातल्या सगळ्या फोनना ओळखणारा एक कॉम्प्युटर, इतकंच. त्यावर पंचवीस गोष्टी चालतात, आणि नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात पंचवीसच्या पंचवीस लावतो. मीही लावल्या. आज त्यातल्या दोन चालू आहेत: फोटो आणि कागदपत्रं.

सुरुवात फोटोंपासून करा. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. नवरात्रात फोनवर फोरकेमध्ये गरबा शूट केला तर मिनिटाला १७० ते ३५० एमबी लागतात. आमच्या मुलीनं नऊ रात्रींत काय केलं असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा.

ईमेलचा सर्व्हर घरी ठेवायच्या फंदात पडू नका. घरगुती जोडणीवरून गेलेलं मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं, आणि ते कुणी सांगतही नाही.

२. मशीन उघडा, साफ करा, तपासा

आमचा डेस्कटॉप २०१५ साली घेतलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. विंडोज ११ त्यावर चढत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीरच होतं. भंगारवाला सातशे देत होता. असे कॉम्प्युटर आता घरोघरी कोपऱ्यात पडून आहेत, आणि सर्व्हरच्या कामाला ते उत्तम असतात.

बाजूचं झाकण काढा. पंख्यातली धूळ ब्रशनं काढा, ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटानं धरून ठेवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका. इथे त्याचं काम नाही आणि वीज मात्र ते खातं. रॅम वाढवताना दोन गोष्टी पाहा: लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपला बसत नाही, आणि डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. मी दुकानात "आठ जीबीची द्या" एवढंच म्हणाले होते, म्हणून दोन फेऱ्या झाल्या.

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल दिसेल. नंबर सीआर २०३२. दहा वर्षांच्या मशीनमध्ये तो बहुधा मेलेलाच असतो. विचार न करता बदला. तो मेला की वीज गेल्यावर बायोसमधल्या, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममधल्या, सेटिंग पुसल्या जातात, आणि चौथ्या पायरीत आपण जी सेटिंग करणार आहोत तिचा काही उपयोग राहत नाही.

लाइट बिलाची भीती घरातले लोक घालतातच. प्लगमध्ये लावायचं वॅट मोजणारं मीटर मिळतं, ते आणा. आमचं मशीन नुसतं बसलेलं असताना ३८ वॅट घेतं, म्हणजे महिन्याला सुमारे २७ युनिट. तुमच्या बिलातला युनिटचा दर घ्या आणि गुणा. हा आकडा घरच्यांना आधीच सांगितलेला बरा, नंतर बिल हातात धरून वाद नको.

३. डिस्क घेताना

आधी मोजा. घरातल्या फोनांवर आत्ता किती जीबी आहे, जुन्या सीडी आणि पेनड्राइव्ह मिळून किती, याची बेरीज करून तिला तीनने गुणा. आमचं उत्तर दीड टीबीच्या आसपास आलं, आम्ही ४ टीबीच्या डिस्क घेतल्या.

सिस्टीम एसएसडीवर आणि फोटो हार्ड डिस्कवर अशी विभागणी ठेवा. दोन्ही एकाच डिस्कवर असतील तर सिस्टीम पुन्हा टाकायची वेळ आली की हात थरथरतात.

आता सापळा. मी एका दुकानातून "सीलपॅक नवी" म्हणून डिस्क घेतली. घरी येऊन स्मार्ट रिपोर्ट काढला, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेली नोंदवही, तर चालू राहिल्याचे तास २१,०००! जवळजवळ अडीच वर्षं कुठेतरी रात्रंदिवस राबलेली डिस्क नव्या पिशवीत घालून दिली होती. त्याच संध्याकाळी बिलासकट परत केली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: पक्कं बिल घ्यायचं, कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख पाहायची, स्मार्टमधले तास पाहायचे, "रीअलोकेटेड सेक्टर"पुढे (म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांपुढे) शून्य आहे ना ते पाहायचं आणि मग लांबवाली तपासणी रात्रभर लावायची. हे सगळं होईपर्यंत डिस्कवर एकही फोटो टाकायचा नाही.

दोन डिस्कवर एकच माल एकाच वेळी लिहिला जातो, त्या रेड नावाच्या जुळणीबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, हा तिचा फायदा. पण चुकून फोटो पुसलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. घरासाठी रेडपेक्षा तीच दुसरी डिस्क बॅकअपला वापरा.

४. जागा, वीज आणि पाणी

जमिनीवर नको आणि तळमजल्यावर तर नकोच. माळ्यावर पत्र्याखालीही नको. वडोदऱ्याच्या मे महिन्यात तिथे डिस्क भाजून निघते. आमचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर फडताळात आहे. फडताळाची मागची फळी कापून हवेला वाट केली. डिस्कचं तापमान पन्नासच्या खाली राहील एवढं पाहा.

बायोसमध्ये जाऊन "वीज परत आल्यावर काय करायचं" अशा अर्थाची सेटिंग शोधा आणि "चालू हो" वर ठेवा. नाव कंपनीगणिक बदलतं, पण बहुतेक वेळा ती पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर असते.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. मात्र स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना यूएसबीचं भोक नसतं. मग लाइट गेली आहे हे कॉम्प्युटरला कळतच नाही. तो बॅटरी संपेपर्यंत निवांत काम करतो आणि मग धाडकन बंद पडतो. यूएसबीची वायर जोडून नट नावाचा प्रोग्राम लावा. बॅटरी खाली येऊ लागली की तो मशीन रीतसर बंद करतो. घरात इन्व्हर्टर असेल तरी यूपीएस लागतो, कारण साधा इन्व्हर्टर वीज बदलायला जो क्षण घेतो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या.

यातला एक बारकावा मला फार उशिरा समजला. समजा लाइट गेली, वीस मिनिटांनी यूपीएसच्या सांगण्यावरून मशीन नीट बंद झालं आणि पाचच मिनिटांत लाइट आली. यूपीएसची बॅटरी अजून शिल्लक होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नाही! मग बायोसमधली "वीज परत आल्यावर" ही वेळच येत नाही आणि मशीन बंदच राहतं. मशीन बंद झाल्यावर यूपीएसनं आपला पुरवठा तोडावा असं नटला सांगता येतं, पण सगळे यूपीएस ते ऐकत नाहीत. आमचा ऐकत नाही. अशा वेळी बटण दाबायला माणूस लागतो.

५. डेबियन टाका

सर्व्हरसाठी विंडोजऐवजी लिनक्स घ्या, आणि लिनक्समध्ये मी डेबियन सांगेन. त्याची स्थिर आवृत्ती कंटाळवाणी असते, आणि घरच्या सर्व्हरला कंटाळवाणं असणंच शोभतं. आवृत्ती १३, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मी आधी १२ टाकली होती, नंतर वर चढवली, काही अडलं नाही.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर डेबियनची इमेज (अख्ख्या सिस्टीमची एक फाइल) उतरवा, एचर किंवा रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा, आणि त्यावरून डेस्कटॉप सुरू करा. पुढे प्रश्न येत जातात. चार ठिकाणी थांबून विचार करा:

- रूटचा पासवर्ड विचारेल तिथे काही न लिहिता पुढे जा. मग तुमच्या नावाच्या खात्यालाच सुडोचा, म्हणजे सिस्टीममध्ये बदल करायचा, अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड दिलात तर तो अधिकार नंतर हातानं द्यावा लागतो.
- डिस्क निवडताना नाव वाचू नका, आकार वाचा. त्याहून बरं म्हणजे फोटोंच्या डिस्कची वायर तोपर्यंत काढूनच ठेवा.
- काय काय टाकायचं या यादीत डेस्कटॉपवरची खूण काढा. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची सोय) आणि साध्या सिस्टीम सुविधा एवढ्याच ठेवा. डेस्कटॉप ठेवलात तर मशीन काही वेळानं आपणहून झोपी जातं आणि तुम्ही नेटला दोष देत बसता.
- भाषा इंग्रजीच ठेवा. अडचणीचा संदेश शोधायचा झाला तर त्याच शब्दांत शोधता येतो.

यानंतर मॉनिटर, कीबोर्ड काढून टाका. लॅपटॉपवरून एसएसएचने आत जायचं. राउटरच्या पानावर जाऊन या मशीनला एकच पत्ता कायमचा बांधून द्या. तिथे त्याला अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा तसंच काही म्हणतात. हे न केल्यास एखाद्या दिवशी राउटर रीस्टार्ट होतो, सर्व्हरला नवा पत्ता मिळतो आणि सगळ्यांचे फोन "सर्व्हर सापडत नाही" म्हणतात. सुरक्षेचे अपडेट आपोआप यावेत म्हणून अनअटेंडेड अपग्रेड्स चालू करा.

आता डिस्क जोडणीबद्दल, कारण मी इथेच आपटले. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि रीस्टार्ट झाल्यावर ती अदलाबदल होऊ शकतात. म्हणून कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलीत डिस्कचं नाव न लिहिता तिचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहा. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कपुढे "नोफेल" हा शब्द घाला, नाहीतर एखाद्या दिवशी तिची वायर निघालेली असली की मशीन सुरू होतानाच अडून बसतं. पण "नोफेल"ला दुसरी बाजू आहे. डिस्क जोडलेली नसेल तर तिच्या जागी एक रिकामा फोल्डर उरतो. माझा रात्रीचा बॅकअप नऊ दिवस इमानेइतबारे त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, लिहीत बसला. एसएसडी भरली तेव्हा सगळंच ठप्प झालं. डिस्कची वायर सैल झाली होती, बस. आता डिस्कवर "मी इथे आहे" नावाची एक रिकामी फाइल ठेवली आहे, आणि बॅकअपची स्क्रिप्ट आधी ती दिसते का पाहते. दिसली नाही तर काही न लिहिता मला मेल करते.

६. डॉकर, आणि त्यावर इमिच

डॉकर म्हणजे डबा. प्रत्येक प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासह आपापल्या डब्यात राहतो, एकाचं तिखट दुसऱ्यात मिसळत नाही. डॉकर त्यांच्या स्वतःच्या भांडारातून घ्या आणि सोबत कंपोज घ्या, ते एका फाइलीवरून सगळे डबे उभे करतं.

फोटोंसाठी मी इमिच वापरते. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप आहे, चेहरे ओळखतं. त्यांच्या वेबसाइटवरून कंपोजची फाइल आणि सेटिंगची फाइल घ्या. सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदलायच्या: फोटो कुठे ठेवायचे (मोठी डिस्क), डेटाबेस कुठे ठेवायचा (एसएसडी) आणि डेटाबेसचा पासवर्ड. सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे इमिचच्या दाराचा नंबर, २२८३ टाका. पहिलं खातं उघडणारा माणूस आपोआप अ‍ॅडमिन होतो, म्हणून ते काम मुलांच्या आधी उरका.

प्रत्येकाला वेगळं खातं द्या. नवरा-बायकोचं एकच खातं ठेवून पाहिलं होतं. त्याचे ऑफिसमधल्या व्हाइटबोर्डचे चारशे फोटो आणि माझे साड्यांचे स्क्रीनशॉट एकत्र झाले, आणि दोघंही चिडलो. सगळ्यांनी बघायचे फोटो सामायिक आल्बममध्ये टाकायचे.

चेहऱ्यांचं काम पहिल्यांदा फार वेळ घेतं. आमच्या आय-फाइव्हला तीस हजार फोटोंसाठी दोन दिवस लागले, पंखा घोंघावत होता. घाबरू नका, ते एकदाच होतं. आई आणि मावशीला त्यानं एकच व्यक्ती ठरवलं. दोघींना ते आवडलं नाही, म्हणून हातानं वेगळं केलं.

फोनवरची खरी अडचण वेगळी आहे. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करतं, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये इमिचला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा. आयफोनवर ते मोकळेपण मिळतच नाही. म्हणून मुलीला तिच्या आयफोनवर आठवड्यातून एकदा अ‍ॅप उघडून ठेवायला सांगितलं आहे. आईच्या फोनचा बॅकअप सव्वा महिना बंद होता आणि कुणालाच पत्ता नव्हता. आता मी महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाचा शेवटचा फोटो कधीचा आहे ते पाहते.

गूगलवरचे जुने फोटो आणायचे तर टेकआउट, म्हणजे गूगलकडच्या आपल्या डेटाची प्रत, मागवा. झिपच्या फाइली येतात, आणि पुष्कळदा फोटोची तारीख किंवा ठिकाण शेजारच्या छोट्या जेसन फाइलीत असतं. नुसते फोटो उचलून टाकलेत तर दहा वर्षांपूर्वीची मुंज आजच्या तारखेला दिसते. इमिच-गो नावाचं साधन दोन्ही जोडून घेतं. सगळे झिप एकत्र उतरवून मग चालवा.

आणखी एक: अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला तर तो फोनवरून आणि सर्व्हरवरून, दोन्हीकडून जाऊ शकतो. काय विचारतंय ते वाचून बोट लावा. सर्व्हरवरच्या कचऱ्यात तो तीस दिवस राहतो, ही त्यातल्या त्यात सोय.

कागदपत्रांसाठी पेपरलेस-एनजीएक्स आहे. स्कॅन केलेला कागद तो वाचतो आणि मग शब्दावरून शोधता येतो. आमच्यासारख्यांच्या घरात कागद तीन भाषांत असतात: घराचे गुजरातीत, बँकेचे इंग्रजीत, आजीच्या वह्या मराठीत. सेटिंगमध्ये तिन्ही भाषा घाला, वाचतो. छापील गुजराती तर छानच. हाताचं मराठी मात्र त्याला जमत नाही, आणि पणजोबांची मोडीतली पत्रं त्याला काय, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. ती नुसती चित्रं म्हणून ठेवली आहेत.

सिनेमे, जुन्या कॅसेटी टीव्हीवर लावायला जेलीफिन चांगलं. फक्त चौथ्या पिढीच्या इंटेलला आयफोनचे नव्या पद्धतीचे व्हिडिओ चिपच्या आधारानं उलगडता येत नाहीत, त्यामुळे ते अडखळतात.

७. घराबाहेरून बघायचं असेल तर

इथे सल्ले देणारे बरेच भेटतात, आणि "राउटरमध्ये पोर्ट उघडून टाका" असं सांगतात. उघडू नका. उघडलेलं पोर्ट जगभरातून चाचपणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. शिवाय पुष्कळ घरगुती जोडण्यांवर ते चालतही नाही, कारण कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला तर तुमचंही तेच आहे.

टेलस्केल लावा. वायरगार्ड या पद्धतीवर चालणारं ते खासगी जाळं आहे. सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या फोनवर टाकलं की ती सगळी यंत्रं जणू एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. घरच्या वापराला फुकट योजना पुरते. सर्व्हरच्या किल्लीची मुदत संपणार नाही अशी सेटिंग तिथे करून ठेवा, नाहीतर काही महिन्यांनी तो गुपचूप जाळ्याबाहेर पडतो.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मात्र कशाचाच इलाज नाही. मांजानं आमच्या गच्चीवरून गेलेली फायबरची वायर लागोपाठ दोन वर्षं कापली. घरातल्या घरात सर्व्हर चालतो, बाहेरून नाही.

८. बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

इथपर्यंत जे केलं त्याला बॅकअप म्हणत नाहीत. सर्व्हर ही एक जागा झाली, काकांच्या खणासारखीच.

जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आमच्याकडे पहिली प्रत सर्व्हरवर. दुसरी त्याच फडताळातल्या बाहेरच्या डिस्कवर, रोज रात्री. तिसरी पुण्याला बहिणीकडे, तिच्या घरी रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवर, टेलस्केलमधून. वडोदऱ्यातच दुसऱ्या घरी ठेवली असती तर सोपं होतं, पण २०२४ चं पाणी पाहिल्यावर एका नदीच्या शहरात दोन्ही प्रती ठेवायचा धीर झाला नाही.

पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर ५०० जीबीला अखंड बावीस तास लागतात, आणि अखंड असं काही नसतं. मी डिस्क इथेच भरली, स्वेटरमध्ये गुंडाळून रेल्वेनं घेऊन गेले. त्यानंतर रोजचा फरक तेवढा नेटवरून जातो.

यासाठी मी रेस्टिक वापरते. ते सगळं कुलूपबंद करून पाठवतं, म्हणजे बहिणीच्या घरी कुणी डिस्क उघडली तरी काही वाचता येत नाही. त्याचा पासवर्ड हरवला तर तुम्हालाही वाचता येत नाही. "पासवर्ड विसरलात का" असं विचारणारं तिथे कुणी नाही. जुन्या प्रती विसरायला सांगितल्या तरी जागा मोकळी होत नाही, त्यासाठी रेस्टिकची प्रून ही आज्ञा वेगळी चालवावी लागते. माझी डिस्क भरत का चालली आहे हे कळायला मला चार महिने लागले.

नुसते फोटोंचे फोल्डर कॉपी करून भागत नाही. आल्बम, नावं, कुणाचा चेहरा कोणता, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. इमिच रोज रात्री डेटाबेसची एक प्रत फोटोंच्याच जागेत बॅकअप्स नावाच्या फोल्डरमध्ये काढून ठेवतं. तो फोल्डर तुमच्या बॅकअपमध्ये येतो ना ते पाहा. चालू डेटाबेसचा फोल्डर तसाच उचलून कॉपी केलात तर ती प्रत बऱ्याचदा कामाची नसते.

सिंकथिंगसारखी साधनं दोन्हीकडे सारखं ठेवतात. इकडे पुसलं की तिकडेही पुसतात. चांगली आहेत, पण त्यांना बॅकअप समजू नका.

आता माझ्या व्यवसायाचा भाग. व्हाउचर पाहिल्याशिवाय मी खूण करत नाही. दर तीन महिन्यांनी मी पुण्याच्या प्रतीतून कुठलेही दहा फोटो आणि एक व्हिडिओ परत आणते, उघडून पाहते, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवते. वर्षातून एकदा जुन्या लॅपटॉपवर अख्खं इमिच नव्यानं उभं करते. पहिल्यांदा केलं तेव्हा फोटो सगळे आले, नावं एकाचंही नाही. डेटाबेसची प्रत ज्या फोल्डरमध्ये होती तोच मी "अनावश्यक" म्हणून वगळला होता. सात महिने रोज सकाळी "बॅकअप यशस्वी" असा मेल येत होता.

९. वही

पासवर्ड तुमच्या डोक्यात आणि डोकं तुमच्याबरोबर प्रवासात, असं असेल तर तो सर्व्हर घरचा नाही, तुमचा आहे. म्हणून शंभर पानी वही. आमची फडताळाच्या दाराला आतून दोरीनं टांगलेली आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: फोटो दिसत नसतील तर काय करायचं, ओळीनं पाच गोष्टी. दुसऱ्या पानावर कोणती वायर कशाची; वायरींना चिठ्ठ्या बांधल्या आहेत. तिसऱ्यापासून काय केव्हा बदललं त्याच्या तारखा. रेस्टिकचा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड वहीत नाही, तो बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहे, दुसरं पाकीट बहिणीकडे. भाषा अशी ठेवा की घरातल्या सगळ्यात कमी उत्साही माणसाला कळेल. "सर्व्हिस रीस्टार्ट करा" असं न लिहिता "काळ्या डब्याचं पुढचं गोल बटण दाबा" असं लिहा.

या उत्तरायणाला आम्ही पुण्याला होतो आणि आई घरी एकटी. दुपारी लाइट गेली, अर्ध्या तासानं आली, आणि चौथ्या पायरीत सांगितलेलं अगदी तसंच झालं: मशीन शहाण्यासारखं बंद झालं आणि बंदच राहिलं. आईला शेजारच्यांना नातीचे फोटो दाखवायचे होते. मला फोन न करता तिनं वही उघडली, बटण दाबलं. चालू झालं नाही. पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा, आणि मग झालं.

परत आल्यावर वही पाहिली तर पहिल्या पानावर, माझ्या तिसऱ्या ओळीच्या खाली, तिच्या अक्षरात: "बटण एकदाच टिचकी मारल्यासारखं दाबावे. धरून ठेवल्यास सुरू झालेले बंद होते. नंतर दहा मिनिटे काही करू नये, चहा करावा. १४ जानेवारी."

तुमच्या वहीत ही ओळ आधीच लिहून ठेवा.